शारजाच्या बागेत भेटलेला सब्जा

दिमोनातील आमच्या घरामागे जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे. लांबी बारा पावले, रुंदी सात. घर तळमजल्यावरचे असल्यामुळे तो आमच्या वाट्यास आला आणि १९६५ साली, अलिया करून आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, आमच्या मातोश्रींनी त्यावर कुदळ चालविली. रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या, लग्नानंतर माझगावच्या चाळीत कुंड्यांवर समाधान मानलेल्या त्या बाईला आयुष्यात प्रथमच स्वतःची म्हणता येईल अशी जमीन मिळाली होती, आणि ती होती पिवळी धूळ! अलिबागेकडे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दिमोनात त्याच्या दहाव्या भागाइतकाही पडत नाही. मातोश्रींनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही. भाजी धुतलेले पाणी त्या वाया जाऊ देत नसत, एवढेच.

येताना त्यांनी पदराच्या गाठीत सब्जाचे बी बांधून आणले होते. वाचकांस सब्जाविषयी सांगावयाचे म्हणजे घरच्याच माणसाची ओळख करून देण्यासारखे आहे. परंतु इकडे जन्मलेल्या मुलामुलींसाठी दोन शब्द लिहितो. एलियाहू हनबीच्या मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरे, वेलची आणि फळे यांच्याबरोबर सुवासिक पाल्याची एक डहाळी ठेवतात आणि तिचा वास घेऊन ब्राखा म्हणतात. आमच्या घरी ती डहाळी सब्जाचीच असे. दरवर्षी पेसाह आटोपला की मातोश्री बी पेरीत, उन्हाळाभर मंजिऱ्या येत, आणि त्या वाळल्या की हाताने चोळून नवे बी एका औषधाच्या बाटलीत भरून ठेवीत. अशी चोपन्न वर्षे गेली. एकदाही खंड पडला नाही.

खंड पाडला तो आम्ही. २०१९ साली मातोश्री निवर्तल्या. पुढच्या वर्षी कोरोनाच्या भीतीने घराबाहेर पडणेच थांबले, आणि अंगणातही कोणी उतरले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पेरू म्हणता म्हणता उन्हाळा सरला. नंतर आले ५७८२, म्हणजे शमिताचे वर्ष. त्या वर्षी जमिनीस विश्रांती द्यावयाची असल्यामुळे पेरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस ते सोयीचेच वाटले. सप्टेंबर २०२२ मध्ये रोश हशाना झाला, शमिता संपली. बाटली काढून ओल्या कापसावर चिमूटभर बी टाकून खिडकीतल्या उबेत ठेवले, तर ते नेहमीप्रमाणे फुगले मात्र, रुजले नाही. आणखी चिमूटभर टाकले. तेही तसेच. बाटली वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर, उष्णतेत राहिली होती. बी मेले होते.

त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी अंगणात फरशी घालण्याचा खर्च काढून आणला. "बाबा, तुम्हां दोघांच्याने आता हे निभत नाही. फरशी घातली म्हणजे मोटारही आत राहील आणि झाडलोटही सोपी," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या सौभाग्यवती गप्प राहिल्या. आम्ही "हिवाळ्यानंतर पाहू" असे म्हणून विषय पुढे ढकलला.

अशा मनःस्थितीत असता शारजाहून निमंत्रण आले. माझगावच्या जुन्या शेजाऱ्यांची कन्या गेली वीस वर्षे पतीसह तेथे राहते. आमच्या मुंबईच्या फेऱ्यांत तिची गाठ पडे. ती आम्हांस काका-काकू म्हणते. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या देशाचा अमिरातीशी करार झाल्यापासून थेट विमाने सुरू झाली होती. "काका, आता मुंबईपेक्षा आम्ही जवळ आहोत. हिवाळ्यात फुलांचा हंगाम असतो, काकूंना घेऊन या," असा तिचा आग्रह होता. अखेर जानेवारी २०२३ मध्ये आम्ही उभयता दुबईच्या विमानतळावर उतरलो आणि तिच्या मोटारीतून शारजात आलो.

शारजा म्हटले की आपल्या पिढीस क्रिकेट आठवते. आम्हांस प्रथम भेटला तो वड! शहराच्या जुन्या भागात रोला नावाचा चौक आहे. रोला हे वडाचेच तेथील नाव. हिंदुस्थानातून आलेला एक वड तेथे सुमारे दीडशे वर्षे उभा होता. त्याच्या सावलीत लोक जमत, ईदच्या दिवशी मुले त्याच्या फांद्यांना झोके बांधीत. १९७८ साली तो गेला. आज त्या जागी बाग आहे आणि झाडाची आठवण म्हणून एक शिल्प उभारले आहे. सभोवती हिंदुस्थानी दुकाने आणि मराठी, मल्याळी, गुजराती बोलणे ऐकू येते. त्या शिल्पाकडे पाहताना आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "झाड गेल्यावरही त्याचे नाव ठेवले आहे यांनी." त्यांच्या मनात कोणते झाड होते ते आम्ही ओळखले, पण बोललो नाही.

मुलीचे घर सहाव्या मजल्यावर. आमच्यासाठी तिने नवी भांडी आणून ठेवली होती. "काकू, मासा पापलेट आहे, खवल्याचा," असे तिने आम्ही विचारण्यापूर्वीच सांगितले. परंतु आमचे लक्ष वेधले ते तिच्या गॅलरीने. जेमतेम दोन हात रुंदीच्या त्या जागेत तुळस, कढीपत्ता, मोगरा, गोकर्ण आणि अळू इतके सुखाने नांदत होते की आम्ही चकित झालो. ज्या गावी उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेथे हे कसे साधते? तिने आपली युक्ती दाखविली. वातानुकूलन यंत्रातून जे पाणी ठिबकत असते ते ती बादलीत धरते. हवेतल्या बाष्पाचे ते पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. समुद्राच्या पाण्यापासून केलेले नळाचे महाग पाणी वाचते. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली फट ती वाळूने भरते, म्हणजे मुळे भाजत नाहीत. जून ते सप्टेंबर कुंड्या खोलीच्या आत घेते. "आमच्याकडे उन्हाळा म्हणजे तुमचा मुंबईचा पावसाळा समजा. झाडांनीही घरात बसायचे," असे ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस दुबईच्या मिरॅकल गार्डनला नेले. शारजापासून मोटारीने साधारण तासाभराचा रस्ता. फुलांचे एवढे मोठे प्रदर्शन आम्ही जन्मात पाहिले नव्हते. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी उघडलेली ही बाग ७२,००० चौरस मीटरांवर पसरली आहे आणि एका हंगामात तेथे पाच कोटींहून अधिक फुले फुलतात असे तेथील चालक सांगतात. फुलांचे महाल, फुलांच्या कमानी, फुलांचे मोर. एक प्रवासी विमान तर पूर्ण आकाराचे उभे आहे. पाच लाखांहून अधिक फुले व रोपे लावून ते सजविले आहे आणि २०१६ साली गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मुख्य फूल पेट्युनियाचे: जांभळे, गुलाबी, पांढरे, नजर पोहोचेल तेथवर.

आम्हांस राणीचा बाग आठवला. माझगावहून शनिवारी शब्बाथची प्रार्थना आणि जेवण आटोपले की वडिलांचे बोट धरून आम्ही भायखळ्यास चालत जात असू. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली वडील आम्हांस थांबवीत आणि "हे आपल्या माणसाने दिले" असे प्रत्येक वेळी नव्याने सांगत. त्याच बागेत आता मुंबई महानगरपालिका फुलांचे प्रदर्शन भरविते आणि माणसांची रीघ लागते, असे ऐकतो.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र एक वेगळीच गोष्ट केली. फुलांच्या महालासमोर सर्वजण छायाचित्रे काढीत असता त्या महालाच्या मागे गेल्या आणि तेथून त्यांनी आम्हांस हाक मारली. मागे लोखंडाचा सांगाडा, त्यावर मातीच्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत शिरलेली काळी बारीक नळी! ठिबक सिंचन. बेर-शेवाजवळच्या हात्सेरीम किबुत्झमध्ये १९६५ साली, म्हणजे आम्ही आलो त्याच वर्षी, नेताफिमने ज्या पद्धतीचा धंदा सुरू केला, तीच ती. येथे शुद्ध केलेले सांडपाणी त्या नळ्यांतून देतात. दिमोनाहून हात्सेरीम किती दूर? मोटारीने तासही लागत नाही. आणि आम्ही आजपर्यंत बागेला रबरी नळीने पाणी घालीत आलो, निम्मे पाणी उन्हाला आणि निम्मे झाडाला.

घरी परतताना मुलीने विचारले, "काकू, आवडले का?" सौ. म्हणाल्या, "फार सुंदर. पण हा लग्नाचा मांडव झाला. लग्न झाले की मांडव उतरवायचा." आणि ते खरेच आहे. उन्हाळा आला की ती बाग बंद होते, आणि शरद ऋतूत नवी रोपे लावून पुन्हा उघडते. मांडवाची हौस वाईट नव्हे, मात्र घरामागच्या बारा पावलांत मांडव घालून भागत नाही. तेथे उन्हाळ्यातही टिकणारे काहीतरी हवे. आमचे बोलणे ऐकून मुलगी म्हणाली, "मग उद्या तुम्हांला आमच्या शारजाची बाग दाखविते. तेथे फुले कमी आहेत."

शारजाहून अल धैदच्या रस्त्याने वाळवंटात सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की डेझर्ट पार्क लागते. त्याच आवारात २०१४ पासून इस्लामिक बोटॅनिकल गार्डन आहे. कुराणात आणि हदीसमध्ये ज्या वनस्पतींचा उल्लेख आला आहे, त्या येथे लावून प्रत्येकीपाशी नाव, उपयोग आणि उल्लेखाची जागा लिहिली आहे. खरे सांगतो, आत पाऊल टाकताना आम्ही थोडे बिचकलो होतो. दुसऱ्याच्या धर्माची बाग, आणि आम्ही कोठून आलेले! परंतु फिरता फिरता आमच्या सौ. बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. खजूर. द्राक्ष. अंजीर. डाळिंब. ऑलिव्ह. गहू. जव. "अहो, हे तर आपले सात," त्या म्हणाल्या. देवारीमच्या आठव्या अध्यायात आपल्या देशाची जी सात फळे व धान्ये सांगितली आहेत, ज्यांची तू बिश्वातच्या ताटात आपण आठवण करतो, त्यांपैकी पाच फळांची नावे कुराणातही आहेत. ज्या प्रदेशात पाणी थोडे, तेथे ईश्वराच्या देणगीची यादी करावयास बसले की सगळ्यांची यादी सारखीच होत असावी.

एका वाफ्यापाशी म्हातारा माळी वाकून काम करीत होता. वाफ्यातील झुडुपे गुडघ्याइतकी, पाने बारीक, देठ जांभळट, मंजिऱ्या आलेल्या. पाटीवर लिहिले होते: रैहान. आम्ही पुढे निघालो, कारण रैहान म्हणजे इव्रितमधील रेहान, टोमॅटोवर घालावयाचा पाला, एवढेच आम्हांस ठाऊक. बाजारात मिळतो तो रुंद, मऊ पानांचा. माळ्याने एक पान खुडून बोटांत चोळले आणि सौ.च्या पुढे धरले. त्यांनी वास घेतला आणि काही न बोलता तो हात आमच्याकडे वळविला.

तो मलिद्याचा वास होता. मातोश्रींच्या हाताचा. रेवदंड्याचा सब्जा! मराठीत सब्जा, अरबीत रैहान, इव्रितमध्ये रेहान. झाडाची जात एकच. पन्नासहून अधिक वर्षे आम्ही दोन भाषांचे दोन कप्पे करून एकाच झाडाला दोन ठिकाणी ठेवीत आलो होतो.

आमचे डोळे पाहून माळी गोंधळला. त्याने हिंदीत विचारले, "कहाँ से आये हो, साहब?" आम्ही "बंबई" असे म्हणालो. खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. क्षणभराने सौ.च पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पहले बंबई, अब इस्राएल. हम यहूदी हैं. हमारी पूजा में यह पत्ता लगता है." म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले. तो पेशावरकडचा होता असे मागाहून कळले. "हमारे यहाँ कब्र पर भी रखते हैं, और दूल्हे को भी देते हैं," एवढेच तो म्हणाला आणि आणखी एक पान खुडून त्याने आम्हांस दिले. ते पान आम्ही प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले नाही, कारण ते नेता येणार नव्हते. तेथेच बाकावर बसून त्याचा वास घेतला, ब्राखा म्हटली आणि ते वाफ्यात परत टाकले.

मुलीचा आग्रह होता की बाजारातून रैहानचे बी घेऊन जावे. चिमूटभर बियांना कोण विचारणार? मोह झाला, नाही म्हणत नाही. मातोश्रींनी पदराच्या गाठीत आणलेच होते. परंतु आज परवान्यावाचून बी-रोपे देशात आणू नयेत असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. एका बियाबरोबर येणारा रोग शेजाऱ्याच्या शेताचा नाश करू शकतो. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. निघताना मुलगी सौ.च्या पाया पडली, तेव्हा सौ.नी तिला सांगितले, "तुझ्या बादलीची युक्ती मात्र नेते हं."

तू बिश्वात तेव्हा ६ फेब्रुवारीला होता. आम्ही आलो आणि चारच दिवसांत तो आला. त्या दिवशी आपल्याकडे अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहू हनबीच्या टाप्यावर लोक जमतात. येथे आम्ही घरीच मलिदा केला. सुवासिक डहाळीच्या जागी शेजारणीकडे काही मिळेल का ते पाहावे म्हणून सौ. वरच्या मजल्यावर गेल्या. शेजारीण बसऱ्याची, वय ऐंशीच्या पुढे. सौ.नी विचारले, "रेहान आहे का?" एरवी त्या सब्जा म्हणाल्या असत्या आणि शेजारणीस काही कळले नसते. ती म्हणाली, "ताजा कोठला या थंडीत? वाळलेला आहे. तुझ्या सासूचाच."

काचबंद गॅलरीतल्या कुंडीत वाळक्या मंजिऱ्या उभ्या होत्या. मातोश्री दरवर्षी शावुओथच्या सुमारास तयार झालेली रोपे शेजारणींना वाटीत असत, हे आम्हांस ठाऊक होते. ती कोणी जपली असतील असे मनातही आले नव्हते. "शमिताच्या वर्षी मी काही पेरले नाही," शेजारीण सांगत होती, "आदल्या वर्षीचे बी कुंडीत सांडले होते, ते आपले आपण उगवले." सौ. ती मंजिरी ओंजळीत घेऊन जिना उतरल्या. आम्ही दारातच उभे होतो. जे बी बाटलीत राखले ते मेले आणि जे वाटले ते वर एका मजल्यावर जिवंत होते, हे समजावयास आम्हांस शारजापर्यंत जावे लागले.

त्या वर्षी पेसाहनंतर सब्जा पेरला आणि सहाव्या दिवशी कोंब वर आले.

आता अंगणाविषयी. चिरंजीवांशी बोलून तडजोड केली. दाराजवळच्या चार पावलांत फरशी घातली, आठ पावले मातीची ठेवली. मधोमध डाळिंब लावले, म्हणजे सावली आधी. त्याच्या सावलीत सब्जा आणि पुदिना. दुपारच्या उन्हाच्या भिंतीशी अंजीर. सर्वांस ठिबकची नळी, तीही पहाटे अर्धा तास. मुळांभोवती वाळक्या पानांचा जाड थर, म्हणजे ओल टिकते. उन्हाळ्यात खोलीतील यंत्राचे पाणी बादलीत धरतो. रंगीत फुलांची हौस सौ.नी दोन कुंड्यांवर भागविली आहे; त्यांत हिवाळ्यात पेट्युनिया असतो. "माझा मांडव," असे त्या म्हणतात. ज्या वाचकांस अंगण वा गॅलरी आहे त्यांनी यांतील जे रुचेल ते अवश्य करून पाहावे. खर्च थोडा आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाने जे दिवस पाहिले ते वाचकांस सांगावयास नकोत. त्या रात्रींत शारजाहून मुलीचा दूरध्वनी येई आणि ती प्रथम विचारी, "काका-काकू, बरे आहात ना?" आणि मग, "सब्जा बरा आहे ना?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर आम्ही एकच देत असू.

मातोश्रींची बाटली आता रिकामी आहे. नव्या बियाण्याच्या आम्ही कागदी पुड्या बांधतो आणि थंड, कोरड्या कपाटात ठेवतो. परंतु खरा भरवसा त्यांवर ठेवीत नाही. दिमोना, येरुहाम आणि बेर-शेवातील अकरा घरी गेल्या शावुओथपर्यंत रोपे पोहोचली. ज्या बंधुभगिनींस मलिद्यासाठी सब्जा हवा असेल, त्यांनी पेसाहनंतर आमच्याकडे यावे. मूल्य काही नाही. एकच अट आहे: मंजिऱ्या वाळल्या की त्यांतील अर्धे बी दुसऱ्या कोणास तरी द्यावे.